आईचा कॉम्प्युटर मराठीत होता

माझ्या आईचा कॉम्प्युटर बिघडला नव्हता. त्याचा पॉवर सप्लाय जळला होता, एवढंच. बदलापुरात वीज जाते आणि येताना झटका देत येते, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. डबा उघडायचा, जळलेला भाग काढायचा, नवा बसवायचा, डबा बंद करायचा. दुकानदाराने एवढंच केलं असतं तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

तो कॉम्प्युटर आधी माझा होता. मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.कॉम.ला होते, आणि आम्ही अंबरनाथला चाळीत राहत होतो. आई एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. त्या कंपनीने ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा आईने सुपरवायझरला सांगून एक आमच्या घरी आणवला. तो चालू व्हायचा आणि चहा होऊन थंड झाला तरी पुढे सरकायचा नाही. आमच्या कॉलेजात लॅबला एक सर होते. मी त्यांना विचारलं, सर, हा फेकून द्यायचा का? ते म्हणाले, "मशीन म्हातारं नाही झालेलं. त्याच्यावर ओझं जास्त आहे." आणि त्यांनी मला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची, एक सीडी करून दिली. ती कशी टाकायची ते वहीच्या पाठच्या पानावर लिहून दिलं. मी टाकली. मशीन धावायला लागलं.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पाहिलं ते शिष्यवृत्तीवर, आईच्या ओव्हरटाइमवर आणि अशा सरांच्या जिवावर. या माणसांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे काही लिहिता येत नाही. त्या सीडीत ज्यांची मेहनत होती त्यांना तर मी ओळखतही नाही. कुठल्या देशातली माणसं, नोकरीवरून घरी येऊन, कोणी सांगितलेलं नसताना हे बनवत बसतात आणि देऊन टाकतात. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे मी सभेत बोलतात तसं बोलत नाही.

लोकांना मात्र ते 'फुकटवालं' वाटतं. माझा धाकटा भाऊ त्याला तेच नाव घेऊन हाक मारायचा. "ताई, तुझ्या फुकटवाल्यावर गेम चालत नाही." "ताई, तुझ्या फुकटवाल्याला प्रिंटर दिसला का गं आज?" प्रिंटर खरंच कधी दिसायचा, कधी नाही. सरकारी साइटवर एखादा फॉर्म भरायला बसलं की शेवटच्या पानावर कळायचं, हे विंडोजवरच चालतं. मग मला सायबर कॅफे गाठावा लागे. हे सगळं मी सोसलं आणि त्यातून शिकत गेले. पण नोकरीला लागल्यावर ऑफिसात एकदा डबा खाताना एक जण हसत म्हणाला, "तुम्हा लोकांना काय, सगळं फुकटातलंच जमतं." 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चोरून टाकलेलं विंडोज होतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि जागेवर जाऊन बसले. तो राग अजून माझ्यात आहे, आणि तो जाऊ नये असं मला वाटतं.

वडील गेल्यावर आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात वन-बीएचके घेतला. आई निवृत्त झाली. मी नवा लॅपटॉप घेतला, आणि जुनं मशीन हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, झाकून ठेवलेलं राहिलं. दुपारी आई एकटी असायची. एक दिवस ती म्हणाली, "मला शिकवशील का गं ते?"

आई लहानपणी दुसरीपर्यंत शिकली आणि विसरली. पुन्हा वाचायला शिकली ती माझ्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता. मराठी तिला सावकाश पण नीट वाचता येतं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मी तिच्यासाठी सगळी सिस्टिम मराठीत केली. हे लिनक्समध्ये आहे, सेटिंगमध्ये जाऊन भाषा निवडायची. मेनू मराठी, चौकटींतल्या सूचना मराठी, वरच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा मराठी आकड्यांत. कोणीतरी बसून एकेक शब्द लिहिलेला आहे. काही शब्द जड आहेत. फोल्डरसाठीचा 'संचयिका' हा शब्द वाचून आई थांबली. मी म्हटलं, डबा समज. मग ती त्याला डबाच म्हणायला लागली. पण 'कापा' आणि 'चिकटवा' वाचून ती मोठ्याने हसली.

"हे तर माझंच काम आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर चिकटवलं मी."

ती कंपनीत बाटल्यांवर लेबलं चिकटवायची.

अंबरनाथच्या आमच्या जुन्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासात दर रविवारी धम्मग्रंथाचं वाचन असतं, आणि समारोपाच्या दिवशी महिला मंडळातल्या काही जणी बोलतात. आई इतकी वर्षं त्या दिवशी खिचडीच्या पातेल्याजवळ असायची. त्या वर्षी मंडळाच्या बायकांनी तिचं नाव घातलं आणि ती नाही म्हणाली नाही. फक्त तिला लिहून न्यायचं होतं, मोठ्या अक्षरात, कारण चष्मा लावूनही तिला बारीक दिसत नाही. म्हणून ती दुपारी टाइप करायला बसायची. एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं, मान वर करून बघायचं. मी संध्याकाळी आले की ती मला नवं वाक्य वाचून दाखवायची. पहिलं वाक्य मला पाठ आहे: "माझ्या हातून किती बाटल्या गेल्या याचा हिशोब नाही, पण एकीवरही काय लिहिलंय ते मला कळलं नाही."

पुढे तिने लिहिलं होतं की एकदा उलटी लेबलं लागली म्हणून सुपरवायझर तिला सगळ्यांसमोर कसा बोलला, आणि त्या दिवशी घरी येऊन तिने माझं पहिलीचं पुस्तक कसं उघडलं. मला हे माहीत नव्हतं. मी तिची मुलगी, आणि मला हे स्क्रीनवर वाचून कळलं.

त्या फाइलला तिने नाव दिलं होतं: 'माझे भाषण पुसू नये'. मी हसले. ती म्हणाली, "हसतेस काय? खोक्यावर लिहितात ना, उलटे ठेवू नये. तसं." फाइल तिने समोरच ठेवली होती, स्क्रीन उघडताच दिसेल अशी.

समारोपाला थोडे दिवस उरले असताना मला ऑफिसच्या कामासाठी नाशिकच्या गोडाउनला जावं लागलं. मागे वीज गेली, आली, आणि मशीन बंद पडलं. मी फोनवर म्हटलं, मी आल्यावर बघते, पॉवर सप्लाय असणार. पण आईला घाई होती, छापायचं राहिलं होतं. भावाने चांगल्या मनाने डबा स्कूटरवर पायापाशी ठेवला आणि उल्हासनगरला त्याच्या ओळखीच्या दुकानात नेला. दुसऱ्या दिवशी घेऊनही आला.

मी परत आले तेव्हा हॉलमध्ये मशीन चालू होतं. निळा पडदा, सगळं इंग्रजी. आई स्वयंपाकघरात होती आणि बाहेर आली नाही.

"हे काय आहे?" मी भावाला विचारलं.

"सरप्राइज," तो म्हणाला. "विंडोज टाकून दिलं त्याने. एक्स्ट्रा पैसे पण नाही घेतले. ओरिजिनल आहे."

"ओरिजिनल? खाली कोपऱ्यात बघ काय आलंय."

कोपऱ्यात विंडोज अजून अधिकृत केलेलं नाही, अशा अर्थाची फिकट अक्षरं होती. भाऊ वाकून वाचू लागला.

"ते निघतं गं. तो क्रॅक देतो."

"आईची फाइल कुठेय?"

"कुठली फाइल?"

"भाषण."

तो स्क्रीनकडे वळला. मग म्हणाला, "त्याचा फोन आला होता, ओएस करप्ट आहे, फॉरमॅट मारायला लागेल. मी म्हटलं मार. मला काय माहीत, ताई? मी कधी बसतो त्याच्यावर? माझं सगळं मोबाइलवर असतं."

"मला फोन करायचास."

"तू बिझी असशील म्हणून नाही केला. आणि एवढं काय, परत टाइप करेल ती. उलट आता चांगलं मशीन झालं ना, जगात सगळे हेच वापरतात."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं त्याला लागलं, आणि लागावं म्हणूनच मी बोलले होते. आमचा आवाज वाढला तेव्हा आई हात पुसत बाहेर आली.

"त्याला बोलू नको," ती म्हणाली. "मीच काहीतरी दाबलं असेन."

"काय दाबलंस? सप्लाय जळला होता, आई."

"नाही. दुकानवाला याला म्हणाला, कोणीतरी सेटिंग बिघडवली होती. घरात मीच बसते ना त्याच्यावर."

मी भावाकडे बघितलं. तो खाली बघत होता. दुकानवाला बोलला तसंच्या तसं त्याने घरी येऊन सांगून टाकलं होतं, जेवता जेवता. आणि आईने ते मान्य करून टाकलं होतं. तिला आयुष्यभर हीच सवय होती. कंपनीत मशीन अडलं की ऑपरेटरची चूक, आणि ऑपरेटर बोलला की पॅकिंगवालीची. भाषण गेल्याचं मला वाईट वाटलंच, पण माझ्या अंगाची आग झाली ती या वाक्याने.

शनिवारी मी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावला. तो डिस्कचा कानाकोपरा चाचपतो आणि मिळेल ते बाहेर काढतो, नाव-गाव नसलेलं. वडिलांचे दोन फोटो मिळाले. आईच्या सरावाच्या पानाचा तुकडा मिळाला, त्यात नुसतं क, का, कि, की होतं. भाषण मिळालं नाही. त्या जागेवर विंडोज लिहिलं गेलं होतं. बॅकअप होता तो आई लिहायला बसण्याच्या आधीचा. भाऊ मागे उभा राहून बघत होता. पाणी आणून देत होता. "मिळालं?" असं त्याने मध्ये मध्ये विचारलं आणि मग विचारायचं बंद केलं.

"चल," मी आईला म्हटलं. "दुकानात जाऊ."

"कशाला भांडायला? दोष आपलाच आहे."

"कोणाचा आहे ते त्याच्याच तोंडून ऐकू."

ती आली, पण पदर खांद्यावर घट्ट ओढून, कोणाच्या तरी केबिनमध्ये बोलावणं आल्यासारखी.

दुकान उल्हासनगरच्या त्या गल्लीत आहे जिथे एका बाजूला मोबाइलची कव्हरं टांगलेली आणि दुसऱ्या बाजूला उघडे डबे रचलेले असतात. गल्ल्यावरच्या शेठजींनी आईला स्टूल दिलं. आत एक तिशीतला माणूस स्क्रू काढत होता. त्यानेच आमचं मशीन केलं होतं.

"बोलिए मॅडम," तो मान वर न करता म्हणाला.

मी मशीन कुठलं ते सांगितलं. त्याला आठवलं.

"हां हां, वो पुराना वाला. सही चल रहा है ना अब?"

"फॉरमॅट क्यों किया?"

"करप्ट था."

"कैसे पता करप्ट था? चालू नहीं हुआ था क्या?"

"चालू तो हुआ. लेकिन अंदर सब गडबड था. लँग्वेज बिघड गया था. मेनू-विनू सब मराठी में आ रहा था, टाइम तक. किसी ने सेटिंग खराब किया था, या वायरस होगा."

"डेटा पूछना चाहिए था."

त्याने स्क्रू ड्रायव्हरने भिंतीकडे दाखवलं. तिथे पाटी होती, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. शेठजी म्हणाले, "बेटा, गलती हो गई होगी, पर बोर्ड तो लगा है." आवाज मऊ होता. पाटी तशीच होती.

तेवढ्यात त्या माणसाचा फोन वाजला. त्याने तो खांद्यात धरला आणि म्हणाला, "हां आई. नाही गं, वेळ होईल. तू जेवून घे. अगं हो, आणतो भाजी, ठेव आता."

मी बघतच राहिले. आईनेही मान वर केली.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"हो ताई. अंबरनाथचाच."

"मग मराठीत दिसलं तर त्यात बिघाड कसला?"

तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. "ताई, मराठीत कोण कॉम्प्युटर वापरतं? मी आजपर्यंत बघितला नाही. मला वाटलं बिघडलाच आहे."

आई स्टुलावरून बोलली. "बाळा, समोर एक फाइल होती."

"असेल मावशी. बऱ्याच होत्या."

"तिच्यावर लिहिलं होतं, माझे भाषण पुसू नये."

तो स्क्रू काढायचं थांबला.

"वाचलं नाहीस?"

"मावशी, ते वाचायला कोण बसतं," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता. "मराठी बघितलं आणि... म्हणजे... लक्षच नाही दिलं."

"बरं," आई म्हणाली आणि उठली.

मला अजून खूप बोलायचं होतं. हे उल्हासनगर आहे, हा माणूस अंबरनाथचा, भाजी आणतो म्हणून आईला मराठीत सांगणारा, आणि त्याला स्वतःची भाषा स्क्रीनवर दिसली तर रोग वाटतो. कोणी शिकवलं हे त्याला? मलाही हेच शिकवलं होतं. शाळेत आम्ही मराठीत शिकलो आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी ते लपवायला शिकलो. पण मी हे काहीच बोलले नाही, कारण आई पायरी उतरून रस्त्यावर गेली होती.

आम्ही रिक्षात बसलो.

"म्हणजे मी काही दाबलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि त्याला वाचता येत होतं."

"येत होतं."

"तो हिंदीत बोलायला लागला तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला मराठी येत नसेल." तिने रिक्षाचा दांडा धरला होता. "मला वाचता येत नव्हतं म्हणून लेबलं उलटी लागली. ह्याला येत होतं."

मी आईला रडताना पाहिलं आहे, थकलेलं पाहिलं आहे. इतकं चिडलेलं मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी मशीनवर पुन्हा लिनक्स टाकलं, पुन्हा मराठी केलं. ती बसली नाही. समारोपाला ती कागदाशिवाय उभी राहिली. पहिलं वाक्य बोलली, बाटल्यांचं. मग थांबली. मग म्हणाली की मुलींना शिकवा, आणि खाली बसली. टाळ्या वाजल्या. जिना उतरताना बायका मला म्हणाल्या, छान बोलली तुझी आई. मी हो म्हटलं. त्यांनी ऐकलं ते भाषण नव्हतं. सुपरवायझर त्यात नव्हता, उलटी लेबलं नव्हती, माझं पहिलीचं पुस्तक नव्हतं. ते सगळं एका माणसाने बघून, न वाचता पुसलं होतं, आणि त्याचं काही चुकलं असं आजही त्या गल्लीत कोणी म्हणणार नाही.

दिवाळीनंतर मशीनचा पंखा घरघर करू लागला. धूळ साचली असेल. भाऊ म्हणाला, "आई, मी नेतो साफ करायला. यावेळी उभा राहून करून घेतो, प्रॉमिस."

"थांब," आई म्हणाली.

तिने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर चालू केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी भाजी निवडत होते, मी वर बघितलं नाही. अक्षर शोधायचा तो थांबत थांबत येणारा आवाज ऐकत राहिले. मग प्रिंटरचा आवाज आला. त्या दिवशी प्रिंटर दिसला.

कागदावर मोठ्या अक्षरात होतं: 'बिघडलेले नाही. मी असेच वापरते. पुसू नये.'

तिने कडा कापल्या, मागे गोंद लावला आणि कागद डब्याच्या पुढच्या बाजूला, अगदी मध्यावर धरला. कुठेही मोजलं नाही.

"आई, इंग्रजीत लिही," भाऊ म्हणाला. "नाहीतर हिंदीत तरी. त्याला कळायला हवं ना."

आईने कागद टेकवला आणि मधून कडेपर्यंत अंगठा ओढत नेला. एकही बुडबुडा राहिला नाही.

"त्याला वाचता येतं," ती म्हणाली.